साइट बंद पडली? प्लॅन वाढवायच्या आधी पॅनल उघडा

मराठवाड्यात आता तालुक्याच्या गावालाही स्वतःच्या वेबसाइट आहेत. लातूर-उदगीरच्या मोंढ्यातले सोयाबीन-तुरीचे भाव देणाऱ्या, हिंगोली-वसमतच्या हळदीचे सौदे सांगणाऱ्या, बीड-परभणीच्या बातम्या चालवणाऱ्या, क्लासचे निकाल लावणाऱ्या. यातल्या बहुतेक वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, आणि शेअर्ड होस्टिंगवर चालतात. वर्षभर त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नाही. मग नेमका बारावीचा निकाल असतो, जायकवाडीचे दरवाजे उघडल्याची बातमी असते किंवा सोयाबीन अचानक वर गेलेलं असतं, आणि मालकाचा फोन येतो, "सर, साइट उघडंना झालीय." होस्टिंगवाल्याला विचारलं की एका ओळीत उत्तर मिळतं: रिसोर्स लिमिट संपली, वरचा प्लॅन घ्या.

मालक पैसे भरतो. कधी कधी तोच उपाय असतो, नाही असं नाही. पण अशा साइट सांभाळताना जे दिसत आलं त्यावरून मी ठामपणे सांगतो, की पुष्कळदा ही लिमिट वाचकांनी संपवलेलीच नसते. ती बॉटनी, म्हणजे आपोआप साइट चाळणाऱ्या प्रोग्रामांनी, खाल्लेली असते, एखाद्या प्लगइननं, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेल्या जादा सोयीनं, खाल्लेली असते, किंवा दिवसातून एकदा बदलणारं पान हजार वेळा नव्यानं बांधण्यात गेलेली असते. कुणी खाल्ली, किती वाजता खाल्ली, हे सगळं तुमच्याच होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये नोंदलेलं असतं. ते वाचायला प्रोग्रामर असावं लागत नाही. दोन-चार शब्दांचा अर्थ आणि थोडा धीर, एवढ्यावर भागतं.

वाटा कसा ठरतो

शेअर्ड होस्टिंग म्हणजे एकाच मशीनवर शेकडो साइट. पूर्वी त्यातली एखादी साइट बेफाम झाली की बाकीच्यांचीही गती जायची. 2010 साली क्लाउडलिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम आली आणि तिनं प्रत्येक खात्याचा वाटा वेगळा काढायला सुरुवात केली: इतका प्रोसेसर, इतकी मेमरी, एका वेळी इतकी कामं. वाटा संपला की फक्त त्याच खात्याची साइट अडते, शेजारच्याला झळ लागत नाही. आज बहुतेक शेअर्ड होस्टिंगवाले हीच किंवा अशीच पद्धत वापरतात.

जाहिरातीतला "अनलिमिटेड" हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. अनलिमिटेड असते ती बहुतेक वेळा डिस्कची जागा आणि बँडविड्थ. प्रोसेसर, मेमरी आणि एका वेळी चालणारी कामं यांना मर्यादा असतेच. साइट पडते ती या दुसऱ्या यादीमुळे. ही यादी प्लॅनच्या पानावर खाली बारीक अक्षरात असते किंवा नसतेही. पॅनलमध्ये मात्र ती आकड्यांसकट दिसते.

पॅनल वेगवेगळे असतात. प्लेस्क आहे, डायरेक्टॲडमिन आहे, काही कंपन्यांनी स्वतःचे बनवलेत. मला जास्त करून सीपॅनल भेटतं, म्हणून त्याच्याच नावांनी सांगतो. लॉगिन केल्यावर एका बाजूला "स्टॅटिस्टिक्स" नावाची पट्टी असते. तिथे डिस्क, बँडविड्थ, सीपीयू, मेमरी, एंट्री प्रोसेस असे आकडे ओळीनं दिसतात, वापर किती आणि मर्यादा किती. पण ही पट्टी फक्त आत्ताची स्थिती सांगते. काल दुपारी काय झालं ते तिला माहीत नसतं. त्यासाठी "मेट्रिक्स" या भागात जायचं आणि "रिसोर्स युसेज" उघडायचं. आत शिरताच एक वाक्य समोर येतं: गेल्या 24 तासांत तुमच्या साइटला अडचण आली नाही, किंवा गेल्या 24 तासांत तुमची साइट मर्यादेला धडकली. दुसरं वाक्य असेल तर तपशिलाचं बटण दाबा, खरी माहिती त्याच्या आत आहे.

कोणता आकडा काय बोलतो

डिस्क आणि बँडविड्थ सगळ्यांना कळतात, त्यावर वेळ घालवत नाही.

सीपीयू म्हणजे प्रोसेसरचा वापर. क्लाउडलिनक्सच्या मूळ हिशोबात 100 टक्के म्हणजे एक पूर्ण कोर, प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा एक भाग. ही मर्यादा गाठली तर वाचकाला एरर दिसत नाही. काम फक्त हळू होतं. डिस्कवर लिहिण्या-वाचण्याचा वेग, म्हणजे आय-ओ, त्याचंही तसंच: मर्यादा आली की वेग कापला जातो, साइट रेंगाळते, पण चालू राहते.

मेमरीचं तसं नाही. मेमरी संपली की चालू असलेली प्रक्रिया मारली जाते आणि वाचकाला 500 किंवा 503 असा एरर दिसतो. मोठे फोटो अपलोड करताना, बॅकअपचं प्लगइन चालू असताना किंवा एक्सेलमधून हजारो नोंदी आत घेताना हे हमखास होतं.

आता एंट्री प्रोसेस. सगळ्यात जास्त गैरसमज याच आकड्याबद्दल आहे. क्लाउडलिनक्सची मूळ नेमणूक 20 ची आहे, होस्टिंगवाले प्लॅननुसार ती कमी-जास्त करतात. मालकाला वाटतं, "म्हणजे माझ्या साइटवर एका वेळी वीसच माणसं?" तसं अजिबात नाही. पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती, चालवावी लागेल अशा किती विनंत्या त्याच क्षणी आत आहेत, एवढंच हा आकडा मोजतो. पान एकदा वाचकाच्या मोबाइलवर पोचलं की ती जागा मोकळी झाली. तो पुढची पाच मिनिटं वाचत बसला तरी मोजणीत नसतो. फोटो, स्टाइलची फाइल, लोगो यांचीही गणती यात होत नाही. क्रॉन जॉबची, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाची, मात्र होते.

मोंढ्याच्या दारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते तेव्हा काय बघतो आपण? भुईकाटे किती आहेत आणि एक ट्रॉली काट्यावर किती वेळ उभी राहते. काटे तेवढेच राहिले आणि वजनाला लागणारा वेळ चौपट झाला, तर तेवढ्याच ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. एंट्री प्रोसेसचं गणित हेच आहे. मर्यादा 20 ची आणि एक पान बनायला अर्धा सेकंद लागत असेल, तर सेकंदाला 40 पानं निघतात. तासाला ती 1 लाख 44 हजार झाली. एवढी गर्दी तालुक्याच्या साइटवर सहसा होत नाही. तेच पान बनायला 4 सेकंद लागू लागले की सेकंदाला फक्त 5 पानं निघतात. साइट तीच, वाचक तेवढेच, प्लॅनही तोच, आणि 508 चा एरर: रिसोर्स लिमिट इज रीच्ड.

आता वरचा सीपीयूचा मुद्दा याला जोडून बघा. प्रोसेसरची मर्यादा आली म्हणून पान हळू बनतं. हळू बनतं म्हणून जागा अडवून बसतं. जागा अडली म्हणून मागच्या विनंत्या तुंबतात आणि 20 चा आकडा भरतो. वाचकाला एरर दिसला तो एंट्री प्रोसेसचा, पण दुखणं होतं प्रोसेसरमध्ये. नुसती एंट्री प्रोसेसची मर्यादा 20 ची 40 करून घेतली तर काय होईल? चाळीस विनंत्या त्याच एका कोरसाठी भांडतील आणि प्रत्येक पान आणखी हळू होईल. म्हणून 508 आला की मी त्याच मिनिटाचा सीपीयूचा आलेख बघितल्याशिवाय काहीच ठरवत नाही.

नंबर ऑफ प्रोसेसेस हा वेगळा आकडा आहे, खात्यातल्या सगळ्या चालू प्रक्रियांचा. मूळ नेमणूक 100 ची. साध्या साइटला तो क्वचितच भिडतो.

शेवटचा आकडा आयनोड. म्हणजे खात्यातल्या फायली आणि फोल्डर यांची एकूण संख्या, त्यांचा आकार कितीही असो. बातम्यांच्या पोर्टलवाल्यांनी याच्याकडे जरूर लक्ष ठेवावं. वर्डप्रेस प्रत्येक फोटोचे वेगवेगळ्या मापाचे तुकडे बनवतं. फोटो मोठा असेल तर एकाच्या सात-आठ फायली होतात, थीमनं स्वतःची मापं जोडली असतील तर त्याहून जास्त. दिवसाला 10 फोटो आणि प्रत्येकी 8 फायली धरल्या तर वर्षाला 29,200 फायली झाल्या. त्याच खात्यावर ऑफिसचे मेल असतील तर तिथला प्रत्येक मेल ही एक फाइल. आयनोड भरले की दुखणं भलतीकडेच दिसतं: नवा मेल येत नाही, प्लगइन अपडेट होत नाही, फोटो चढत नाही. डिस्क अर्धी रिकामी दिसत असते, म्हणून कारण लवकर सापडत नाही.

आलेख फसवतो, फॉल्ट फसवत नाही

रिसोर्स युसेजमध्ये आज, काल, 7 दिवस, 30 दिवस असा काळ निवडता येतो. मालक मंडळी महिन्याचा आलेख उघडतात, रेघ तळाशी सपाट दिसते आणि म्हणतात, "वापर तर काहीच नाही, होस्टिंगवाला खोटं बोलतोय."

रेघ सरासरीची असते. समजा एका तासात फक्त 3 मिनिटं तुमच्या एंट्री प्रोसेस पूर्ण 20 वर होत्या आणि उरलेली 57 मिनिटं शून्य. सरासरी येते 1. आलेखावर 20 पैकी 1 दिसेल. पण त्या 3 मिनिटांत जेवढ्या लोकांनी लिंक दाबली तेवढ्यांना एरर मिळाला. आपल्याकडची गर्दी अशीच येते. एकदम. कुणीतरी व्हॉट्सॲपच्या मोठ्या ग्रुपवर लिंक टाकतं, पाच मिनिटं लोंढा असतो, मग सगळं शांत.

म्हणून रेघेच्या आधी तक्ता बघायचा. तिथे प्रत्येक रिसोर्ससमोर सरासरी, मर्यादा आणि फॉल्ट अशा नोंदी असतात. फॉल्ट म्हणजे मर्यादेला किती वेळा धडक बसली ते. सरासरी कितीही कमी असली आणि फॉल्टच्या रकान्यात आकडा असला, तर वाचक अडलेला आहे. मग काळ आखडत न्यायचा, महिन्यावरून दिवसावर आणि दिवसावरून त्या तासावर. रेघेचा खरा उंचवटा तेव्हाच दिसतो.

आणि वेळ तपासताना एक गोष्ट कधीच विसरू नका. सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर असेलच असं नाही. यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर साडेपाच तास मिळवायचे. पॅनलमध्ये फॉल्ट पहाटे 4:30 चा दिसतो, मालक म्हणतो, "तेव्हा कोण बघतंय साइट?" आणि ती आपली सकाळी 10 ची वेळ असते, म्हणजे ऐन कामाची. उलटही होतं. पॅनलवर रात्री 9 चा दिसणारा फॉल्ट आपल्याकडच्या रात्री अडीचचा निघतो. त्या वेळी परभणीतला वाचक साइटवर नसतो, बॉट असतो किंवा बॅकअप चालू असतो. नुसत्या वेळेवरून निम्मं निदान होतं.

त्याच पानावर "स्नॅपशॉट" नावाचा टॅब असतो. माझ्या मते पूर्ण पॅनलमधली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, आणि ती क्वचितच कुणी उघडतं. फॉल्ट आला त्या क्षणी खात्यात काय चालू होतं त्याची नोंद सर्व्हरनं काढून ठेवलेली असते: कोणत्या प्रक्रिया होत्या, कोणती पानं मागितली जात होती, डेटाबेसला कोणते प्रश्न विचारले जात होते. तिथे वीस ओळी असतील आणि वीसही ओळींत एकाच फाइलचं नाव असेल तर उत्तर मिळालं. वीस ओळींत वीस वेगळी पानं असतील तर गर्दी खरी असू शकते, किंवा एखादा बॉट साइट कोपऱ्याकोपऱ्यानं चाळतोय.

दारात कोण उभं आहे

हे ठरवायला "रॉ ॲक्सेस" लागतं, तेही मेट्रिक्समध्येच सापडतं. ही साइटच्या हजेरीची कच्ची वही, म्हणजे लॉग. दाबली फाइल उतरते, ती उघडायची. एका ओळीत एक विनंती: सुरुवातीला आयपी पत्ता (मागणाऱ्याचा इंटरनेटवरचा नंबर), मग चौकोनी कंसात तारीख-वेळ आणि तिच्यापुढे सर्व्हरच्या घड्याळाचा फरक, मग "गेट" (पान मागणं) किंवा "पोस्ट" (माहिती पाठवणं), मागितलेल्या फाइलचं नाव, उत्तराचा आकडा, आणि शेवटी मागणाऱ्यानं सांगितलेली स्वतःची ओळख. घड्याळाचा फरक शून्य लिहिलेला असेल तर तो यूटीसी. ही फाइल गूगल शीटमध्ये टाकून मोकळ्या जागेवर रकाने पाडले आणि आयपीच्या रकान्यावर मोजणी केली की दहा मिनिटांत चित्र स्पष्ट होतं. जुने लॉग जपून ठेवायचा पर्याय याच पानावर असतो, तो आजच टिक करा. तो नसेल तर परवाची फाइल मागायला गेल्यावर ती कदाचित मिळणार नाही.

लॉगमध्ये काय दिसतं त्याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं रूप भावांच्या साइटचं आहे. समजा साइटवर 15 शेतमाल आहेत आणि 10 बाजार समित्या. रोज प्रत्येकाचं एक पान. 365 दिवस धरले तर वर्षाला 54,750 पानं. प्रत्येक पानाखाली "मागील दिवस" अशी लिंक. आपला वाचक सौदा निघाला की आजचा भाव बघतो, फार तर कालचा बघतो आणि निघून जातो. बॉट "मागील दिवस" दाबत राहतो. लॉगमध्ये ओळींवर ओळी: जालना, तूर, 14 तारीख, जालना, तूर, 13 तारीख, 12 तारीख. एकेक सेकंदाच्या अंतरानं मागे मागे चाललेला, साइट सुरू व्हायच्या आधीच्या वर्षांतही शिरलेला, जिथे एकही नोंद नाही. रिकामं पानसुद्धा वर्डप्रेसला बांधावंच लागतं, त्यासाठीही डेटाबेसला विचारावंच लागतं. शोधयंत्रांचे बॉट, जाहिरातवाल्यांच्या साधनांचे बॉट आणि आता एआय कंपन्यांचे बॉट असे तीन-चार एकाच वेळी या वाटेला लागले की शेतकऱ्याच्या मोबाइलवर 508 येतो.

यावर उपाय प्लॅनचा नाही. पहिली नोंद ज्या तारखेची आहे तिथे "मागील दिवस"ची लिंक थांबवायची. बॉटसाठी सूचना लिहायच्या रोबोट्स फाइलमध्ये जुन्या तारखांची पानं चाळू नका असं लिहायचं. ते पाळणारे पाळतात. "दोन विनंत्यांत इतकं अंतर ठेवा" ही सूचना बिंग ऐकतं, गूगल ऐकत नाही, हेही माहीत असावं. आणि जे काहीच ऐकत नाहीत त्यांना पॅनलमधल्या आयपी ब्लॉकरनं किंवा एचटी-ॲक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमधून दारातच अडवायचं. दारात 403, म्हणजे "परवानगी नाही", मिळाला की पीएचपी चालतच नाही, म्हणून तुमच्या वाट्यातून जवळजवळ काही जात नाही.

दुसरा नेहमीचा पाहुणा एक्सएमएल-आरपीसी या फाइलवर येतो, किंवा थेट लॉगिनच्या पानावर. ओळखायला सोपा: एकच आयपी, सारखं "पोस्ट", दर सेकंदाला एक-दोन, तासन्‌तास. कुणीतरी पासवर्ड लावून बघतंय. पासवर्ड मजबूत असेल तर तो आत येणार नाही, पण प्रत्येक प्रयत्नाला सर्व्हरला काम करावं लागतं आणि ते तुमच्या वाट्यातून जातं. ती फाइल बाहेरून वर्डप्रेसमध्ये लिहिण्याच्या सोयीसाठी आहे. जेटपॅकसारखं, त्या फाइलवर चालणारं प्लगइन वापरत नसाल तर ती खुशाल बंद करा.

बातम्यांच्या पोर्टलवर मात्र खाणारा कधी कधी घरचाच असतो. वर्डप्रेसचं संपादन पान उघडं असलं की ते स्वतःहून दर 15 ते 60 सेकंदांनी सर्व्हरला हाक मारतं, मसुदा जपण्यासाठी आणि दुसरं कुणी तीच बातमी लिहीत नाही ना हे बघण्यासाठी. याला हार्टबीट म्हणतात. चार वार्ताहर, प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये सकाळपासून उघडे पाच-सहा टॅब, आणि निवडणुकीच्या मतमोजणीचा दिवस. लॉगमध्ये ॲडमिन-एजॅक्स, म्हणजे ही हाक जिथे जाते त्या फाइलच्या, ओळींचा पाऊस दिसतो आणि आयपी तपासला तर तो ऑफिसचाच निघतो. काम झालं की टॅब बंद करायचे आणि हार्टबीटचं अंतर वाढवायचं, इतकंच. यात वार्ताहरांचा काही दोष नाही. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

वर्डप्रेसची ठरलेल्या वेळेची कामंही, म्हणजे डब्ल्यूपी-क्रॉन, वाचकाच्या भेटीवरच हलतात. कुणी पान उघडलं की आधी तपास होतो, एखादं काम बाकी आहे का? असेल तर तेही त्याच गर्दीत सुरू होतं. म्हणून हे आपोआप चालणं वर्डप्रेसच्या कॉन्फिग, म्हणजे मुख्य सेटिंगच्या, फाइलमधून बंद करून पॅनलच्या "क्रॉन जॉब्स"मध्ये दर 15 मिनिटांनी एकदा लावलेलं बरं. बॅकअप पहाटेला ढकलायचा, भारतीय पहाटेला.

तेच पान पुन्हा पुन्हा कशाला बांधायचं

भावाचं पान दिवसातून एक-दोनदा बदलतं. निकालाची यादी लावली की बदलतच नाही. तरी प्रत्येक वाचकासाठी वर्डप्रेस डेटाबेसपासून सुरुवात करून ते नव्यानं बनवतं. पेज कॅश म्हणजे एकदा बनलेलं पान तयार ठेवून पुढच्या सगळ्यांना तेच देणं. सर्व्हर लाइटस्पीड नावाच्या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर त्याचं कॅश प्लगइन मोफत मिळतं आणि तयार पान सर्व्हर स्वतःच देतो, पीएचपीला हात न लावता. त्या विनंत्या एंट्री प्रोसेसमध्ये मोजल्याच जात नाहीत. सर्व्हर दुसरा असेल तर कॅशची इतर प्लगइनं आहेत. त्यातली काही थोडंसं पीएचपी चालवतात, पण पूर्ण पान बांधण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

कॅश लावूनही फरक पडला नाही अशी तक्रार येते तेव्हा मी लॉगमधले पत्ते बघतो. फेसबुकवरून आलेल्या लिंकच्या शेपटीला एक लांब कोड जोडलेला असतो, प्रत्येक क्लिकला वेगळा. कॅशला ते प्रत्येक वेळी नवीन पान वाटतं. "ही शेपटी सोडून द्या" असं कॅशच्या सेटिंगमध्ये सांगता येतं. लाइटस्पीडच्या प्लगइनमध्ये अशा कोडांची यादीच दिलेली असते, ती तपासून घ्या.

मग वरचा प्लॅन कुणाला लागतो

ज्यांच्या साइटवर वाचक लॉगिन करून येतो त्यांना. लातूर-नांदेडचे क्लास नीटची सराव परीक्षा ऑनलाइन घेतात. प्रत्येक विद्यार्थ्याचं पान वेगळं, उत्तरं वेगळी, म्हणून पेज कॅशचा उपयोग जवळपास नाही. 300 लेकरं परीक्षेला बसली आणि दर 30 सेकंदांनी उत्तरं जपली जात असतील, तर सेकंदाला 10 विनंत्या झाल्या. एका विनंतीला 0.4 सेकंद लागला तर सरासरी 4 एंट्री प्रोसेस अडतात, 20 मध्ये आरामात बसतं. तीच विनंती 3 सेकंद घेत असेल तर 30 लागतात आणि परीक्षा कोलमडते. म्हणजे आधी बघायचं की विनंती 3 सेकंद का घेते. परीक्षेच्या प्लगइनचा डेटाबेस फुगलाय का, पीएचपीची आवृत्ती जुनी आहे का. ती बदलायची सोय सीपॅनलमध्येच असते, बदलायच्या आधी बॅकअप मात्र घ्या.

एवढं करूनही सकाळी 10 च्या ठोक्याला सगळे एकदम लॉगिन करणारच. पासवर्ड तपासणं हे मुद्दामच जड ठेवलेलं काम असतं, चोराला सोपं जाऊ नये म्हणून. 300 जण 10 सेकंदांत आले तर सेकंदाला 30 लॉगिन. एका कोरच्या शेअर्ड प्लॅनवर हे झेपत नाही, कितीही झाडून-पुसून घेतलं तरी. इथे व्हीपीएस, म्हणजे मोठ्या मशीनमधला फक्त तुमच्यासाठी राखलेला भाग, घ्या, किंवा निदान तुकड्यांना पाच-पाच मिनिटांच्या फरकानं बसवा. दुसऱ्या उपायाला एक पैसाही लागत नाही. व्हीपीएसवर गेलात तर तो भाग पूर्ण तुमचा, म्हणून फॉल्टचा रकाना बहुधा दिसणार नाही. तिथे सर्व्हरचा लोड आणि शिल्लक मेमरी बघायला शिकावं लागेल, किंवा ते बघणारा माणूस ठेवावा लागेल. तो खर्च आधीच धरा.

होस्टिंगवाल्याला तक्रार लिहायची वेळ आलीच तर "साइट स्लो आहे, बघा" एवढंच लिहू नका. तारीख लिहा, भारतीय वेळ आणि सर्व्हरची वेळ दोन्ही लिहा, कोणत्या रिसोर्सवर किती फॉल्ट दिसतात ते लिहा, स्नॅपशॉटमध्ये कोणती फाइल दिसते ते लिहा, आणि तुम्ही काय अडवलं, कॅश कधी लावला तेही लिहा. दोन स्क्रीनशॉट जोडा. असा मजकूर गेला की समोरच्या तांत्रिक माणसालाही सर्व्हरचा लॉग कुठून उघडायचा ते कळतं, आणि प्लॅनची गोष्ट निघालीच तर कोणती मर्यादा कितीवरून किती होणार, हे तुम्हाला नेमकं विचारता येतं.